बोअर नंबर बावीस

दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदा राऊळ यांना बोलायला कोणी नव्हतं. ही त्यांची तक्रार नव्हती, कारण तक्रार करायलासुद्धा कोणी नव्हतं. समोरचं पाटणकर कुटुंब बदलापूरला गेलं, तेव्हापासून त्या दारात दर अकरा महिन्यांनी नवे भाडेकरू येत आणि चपलांचे जोड तेवढे बदलत. धाकटा भाऊ सुशांत बडोद्याला होता, त्याचा फोन सणावारी येई. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई. भाजीवालीशी 'पाव किलो' आणि 'कोथिंबीर नको' एवढंच. कधीकधी दुपारचे चार वाजले की राऊळबाईंच्या लक्षात येई, आज आपल्या तोंडून एकही शब्द बाहेर पडलेला नाही. मग त्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभ्या राहून वार, तारीख, तिथी मोठ्याने वाचत. आवाज जागेवर आहे एवढं कळलं की पुरे.

वय बहात्तर. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली. लग्न केलं नव्हतं, किंवा व्हायचं राहून गेलं होतं. दोन्हींतलं कुठलं खरं हे त्यांनाही आता सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी ऑगस्टात एका मंगळवारी त्यांचा फोन वाजला. बँकेचा असणार म्हणून त्यांनी तीनदा वाजू दिला.

"कुंदा राऊळ मॅडम आहेत का? मी श्रुतिका बोलतेय. भांडुपकडून जो पाण्याचा बोगदा होणार आहे ना, त्याच्या कामावर मी भूशास्त्रज्ञ आहे."

"मी रिटायर झाले," राऊळबाई म्हणाल्या.

"माहितीय मला. तुमचा नंबर शोधायला आम्हाला महिना लागला. मॅडम, आमच्याकडे जुने नकाशे आलेत, एकोणीसशे चौऱ्याहत्तर ते सत्त्याहत्तरचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, 'आरेखन: कुंदा राऊळ'. तुम्हीच ना त्या?"

"हो," त्या म्हणाल्या. "मीच."

*

तेव्हा ती नुसती कुंदा होती. लालबागच्या चाळीतली, मालवणकडच्या गिरणी कामगाराची मुलगी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा तिने चांगल्या मार्कांनी दिल्या होत्या, हात स्थिर होता, आणि एवढ्याच भांडवलावर त्र्याहत्तर साली, एकविसाव्या वर्षी, तिला सरकारी नोकरी लागली. नकाशे काढायची.

ऑफिस अंधेरीला एमआयडीसीत होतं. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची एक लांबलचक शेड. माणसं अकरा, त्यांत बाई ती एकटी. सरकारने या छोट्या कार्यालयाला एक मोठं काम दिलं होतं: भांडुपपासून दिंडोशीपर्यंत मधे जे डोंगर आणि जंगल आहे, त्याच्या पोटात काय आहे ते शोधायचं. दगड कुठला, पाणी किती खोल, आणि वर जनावरं कोणती फिरतात. शहराला पुढे कधीतरी या डोंगराखालून पाणी आणावं लागेल, तेव्हा हे माहीत असलेलं बरं, असा विचार.

त्यासाठी डोंगरात जागोजागी बोअर घेत. पोकळ नळी फिरवत फिरवत खाली न्यायची, की नळीत दगडाची गोल कांडी अडकून वर येई. ऑफिसातले लोक तिला कोअर म्हणत, यंत्रावरची माणसं कांडीच म्हणत. या कांड्या लाकडी पेट्यांत खोलीच्या क्रमाने मांडायच्या, पेटीवर आकडे रंगवायचे, आणि मग त्या बघून कागदावर त्या बोअरचा उभा पट्टा काढायचा. इथून इथपर्यंत काळा कातळ, इथे लाव्हाच्या राखेचा मऊ करडा दगड, इथे पाणी लागलं. हे पट्टे कुंदा काढी. दर गुरुवारी जीपने डोंगरात जाऊन ती पेट्या स्वतः बघून येई.

तिला दगड शिकवले ते वर्तकसाहेबांनी. चंद्रप्रकाश वर्तक, ऑफिसचे प्रमुख, पस्तिशीचे, मुलुंडला राहणारे, बायको आणि दोन मुली असलेले. साहेब दगडाला जीभ लावून बघत. राखेचा दगड जिभेला चिकटतो, काळा कातळ चिकटत नाही. पहिल्यांदा कुंदाला हसू आलं होतं, मग तीही लावू लागली.

"दोन गोष्टी लक्षात ठेवा, राऊळबाई," साहेब म्हणाले होते. एकवीस वर्षांच्या मुलीला 'बाई' म्हणणारा तो पहिला माणूस. "जे डोळ्याने पाहिलं ते शाईने काढायचं. जे डोक्याने जुळवलं ते पेन्सिलीने. दोन्हीला किंमत आहे. पण दोन्ही एका रंगात दिसता कामा नयेत."

ऑफिसात तीन रजिस्टरं होती: दगडाचं, पाण्याचं आणि जनावरांचं. जनावरांच्या रजिस्टरला कोणी फारसं विचारत नसे, पण सरकारी आदेशात ते होतं, म्हणून कुंदा लिही. बोअर क्रमांक, तारीख, वेळ, काय दिसलं. सांबर. रानडुक्कर, सात. बिबट्या, मादी, यंत्र बंद झाल्यावर पाण्याच्या टाकीपाशी आली. यंत्र चालवणारा सहदेव तिच्या गावाकडचाच, कुडाळचा. तो म्हणे, "बाय, वाघरू इला तर आधी लिवन् घेतलंस की आधी पळतलंस?"

तीन-चार वर्षं अशी गेली. नंतर पैसे मंजूर होईनात, बोअर थांबले. ब्याऐंशीच्या संपात वडील घरी बसले ते बसलेच. सुशांतचं शिक्षण, आईमागे वडिलांचं आजारपण, यात कुंदाची तिशी उलटली. म्हाडाच्या सोडतीत दिंडोशीचं घर लागलं. चौऱ्याण्णवमध्ये ते कार्यालयच दुसऱ्या खात्यात विलीन झालं. दगडाचं आणि पाण्याचं रजिस्टर नागपूरला गेलं, माणसं पांगली. कुंदाला बांद्र्याच्या एका ऑफिसात आवक-जावक टपालाचं टेबल मिळालं, आणि निवृत्त होईपर्यंत सोळा वर्षं ती शिक्के मारत राहिली. वर्तकसाहेब दोन हजार एक साली गेले. तिला ते पेपरातल्या चौकटीतून कळलं, तेही दोन दिवसांनी.

*

श्रुतिका चाळिशीची होती, आखूड केस, पायात जाड बूट, बोलणं भरभर. गुंदवलीच्या मेट्रो स्टेशनबाहेर ती राऊळबाईंची वाट बघत उभी होती. रिक्षात तिने सगळं सांगितलं. नव्या बोगद्याची वाट जुन्या चौदा ते चोवीस या बोअरच्या अगदी जवळून जाते. जंगलात नवीन बोअर घ्यायचा तर परवानग्यांना महिनोन् महिने लागतात. जुन्या पट्ट्यांपैकी निम्म्याहून जास्त सापडले, नऊ बोअरचे हरवले. पण शेडमधल्या पेट्या आहेत.

"म्हणजे, आहेत म्हणायचं," ती म्हणाली. "बघालच."

शेडचं कुलूप कापावं लागलं होतं. आत चारशेच्या वर पेट्या होत्या, आणि अर्ध्यांवर आकडाच नव्हता. रंग उडालेला, पट्ट्या वाळवीने खाल्लेल्या. पत्र्याला भोकं पडून पाणी आलेलं. एका कोपऱ्यात तर पेट्या कुजून एकावर एक बसल्या होत्या आणि दगडांचा नुसता ढीग झाला होता.

राऊळबाई दारातच थांबल्या. मग पदर खोचून पहिल्या रांगेशी गेल्या आणि एका पेटीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही सोळा नंबरची."

"कशावरून?"

"सोळाला सागवान संपलं होतं. देवदाराच्या खोक्यांच्या फळ्या वापरल्या. हे बघ, खिळ्याची जुनी भोकं." त्या पुढे सरकल्या. "या जाड कांड्या आहेत ना, त्या अठराच्या आधीच्या. अठराला मोठं पातं खाली अडकलं, ते निघालंच नाही. तिथून पुढे कांडी बारीक."

श्रुतिकाने वही काढली आणि लिहायला घेतलं. त्या दिवशी राऊळबाई साडेपाच तास बोलल्या. घरी आल्यावर त्यांचा घसा बसला होता. मिठाच्या गुळण्या करताना त्यांना स्वतःचंच हसू आलं.

मग आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, त्या जाऊ लागल्या. शेडमध्ये ट्यूबलाइट आल्या, दोन टेबलं आली. श्रुतिकाचा वरिष्ठ मुकुल कधीमधी येई. पन्नाशीचा, पोक्त, घाईतला माणूस, पण आला की आधी 'राऊळ मॅडम, चहा झाला?' असं विचारणारा. राऊळबाई डब्यात दोन पोळ्या जास्त नेऊ लागल्या, कारण श्रुतिका दुपारी नुसती बिस्किटं खाई. त्यांनी नव्या चपला घेतल्या. आदल्या संध्याकाळी साडी काढून खुर्चीवर ठेवायची जुनी सवय परत आली. कॅलेंडर मोठ्याने वाचायचं त्या विसरून गेल्या, आणि विसरल्याचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एक दिवस लोखंडी कपाटातून जनावरांचं रजिस्टर निघालं. कोणी मागितलंच नव्हतं, म्हणून ते नागपूरला गेलं नव्हतं.

"हे आमच्या काही कामाचं नाही," श्रुतिका पानं उलटत म्हणाली. "पण काय सुंदर अक्षर आहे हो. घरी न्यायचंय तुम्हाला? वाचून आणून द्या."

राऊळबाईंनी ते जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून नेलं आणि टेबलावर ठेवलं. लगेच उघडलं मात्र नाही. कसलं तरी भय वाटलं त्यांना.

सात आठवड्यांत नऊपैकी आठ बोअर लागले. प्रत्येकासाठी एक कागद असे: अमुक पेट्या अमुक बोअरच्या, अमुक खोलीच्या, अशा अशा खुणांवरून ओळखल्या. खाली राऊळबाई सही करत. राहिला तो बोअर नंबर बावीस. त्याच्या वरच्या पेट्या मिळाल्या, खालच्या मिळाल्या. पण अठ्ठेचाळीस ते एकसष्ट मीटरच्या मधल्या तीन पेट्या त्या कोपऱ्यातल्या ढिगात होत्या, एकोणीस नंबरच्या चार पेट्यांबरोबर एकत्र कालवलेल्या. ढिगात काळा दगडही होता आणि राखेचा करडाही. कुठला कोणाचा, हे सांगायला फळी उरली नव्हती. आणि बोगदा नेमका त्याच खोलीवरून जाणार होता.

मुकुल कागद तयार करूनच आला.

"मॅडम, बावीसच्या वरच्या पेटीत काळा, खालच्या पेटीत काळा. मधेही काळाच असणार, नाही का? तुम्हाला काय आठवतंय?"

राऊळबाईंना आठवत होतं. अगदी लख्ख. पन्नास मीटरवर यंत्र होतं. हिवाळ्याची दुपार होती. कारवीच्या झुडपांशेजारी त्या पेटीवर बसल्या होत्या. हातभर लांब, कुठेही न तुटलेली काळी कांडी नळीतून निघाली, ओली, चकचकीत, आणि वर्तकसाहेबांनी ती दोन्ही हातांवर आडवी धरून सगळ्यांना दाखवली. तेवढ्यात झुडपातून पिसोरी बाहेर आली, सशाएवढं ते इवलंसं हरीण. नळाच्या गळतीचं पाणी पिऊ लागली. साहेबांनी कांडी तशीच धरून ठेवली आणि मानेनेच सहदेवला खुणावलं, यंत्र सुरू करू नकोस. मिनिटभर डोंगरात कोणी हाललं नाही.

"काळाच होता," राऊळबाई म्हणाल्या. "मी होते तिथे."

"बस, मग झालंच." मुकुलने पेन पुढे केलं.

त्यांनी पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं. "बुधवारी करते सही. एकदा सहदेवला विचारते. यंत्र त्याच्या हातात होतं."

*

सहदेवचा नंबर मिळवायला सुशांतच्या ओळखीतून कुडाळपर्यंत चार फोन झाले. फोन त्याच्या सुनेने घेतला, तिचं नाव नलिनी. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, मोठ्याने बोला, म्हणाली.

"कोण? कुंदा? खयची कुंदा?"

"ऑफिसातली, सहदेवानू. भांडुपच्या डोंगरातली. नकाशे काढी ती."

मग म्हातारा एकदम मोठ्याने बोलू लागला. "अगो बाय. जिती आसंस तू? बरां मा? माका वाटला, माका कोण फोन करतला."

राऊळबाईंनी विचारपूस केली. मग मुद्द्यावर आल्या. "बाविसाव्या बोअराक पन्नास मीटरांक कसलो दगड लागलो होतो, आठवता?"

"आठवता तर. माका सगळां आठवता."

"काळो होतो मा?"

"काळोच. काळो कुळकुळीत."

त्यांना हायसं वाटलं. 'बरं, ठेवते' म्हणायला तोंड उघडलं, आणि कोण जाणे का, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. "की करडो होतो? राखेचो?"

"होय गो, करडोच तो," सहदेव तितक्याच उत्साहाने म्हणाला. "राखेचोच. तू म्हणतंस ता बरोबर. आणि काय विचारूचा आसा? विचार, विचार. मी हंयच बसलंय."

सहदेव बोलत राहिला, पावसाबद्दल, गुडघ्यांबद्दल, खळ्यात येणाऱ्या माकडांबद्दल. तो खोटं बोलत नव्हता. फोनच्या या टोकाला एक माणूस होता आणि तो जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी दगड काळा असला काय आणि करडा असला काय.

वीस मिनिटांनी फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ खुर्चीवर बसून राहिल्या. खुर्चीच्या पाठीवर बुधवारची साडी होती. आपण तरी काळा का म्हणालो, हे त्यांनी स्वतःला विचारलं. आठवलं म्हणून, की पुढे केलेलं पेन मागे जाऊ नये म्हणून?

मग त्यांनी रजिस्टर सोडलं.

पिसोरीची नोंद लगेच सापडली. त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत: '१६ डिसेंबर ७६. दुपारी ३-१०. पिसोरी, एक. नळाच्या गळतीचं पाणी प्यायली. एक मिनिट.' आणि डावीकडच्या रकान्यात, तितक्याच स्वच्छ अक्षरात: 'बोअर २१'.

एकवीस. एकविसाचा पट्टा सापडलेला होता, त्यात पन्नास मीटरवर काळा कातळच होता. ती दुपार खरी होती, कांडी खरी होती, पिसोरी खरी होती. बोअर तेवढा दुसरा होता.

त्यांनी पान उलटलं. बावीस नंबरचं काम सत्त्याहत्तरच्या जानेवारीत झालेलं. त्या महिन्याच्या नोंदींचं अक्षर वेगळं होतं, तिरकं, घाईचं. वर्तकसाहेबांचं. जानेवारीत आई केईएमला होती आणि त्या चोवीस दिवस रजेवर होत्या, हे त्यांना आता आठवलं. आई तिथेच गेली होती. बावीसच्या त्या कांड्या त्यांनी वर येताना पाहिल्याच नव्हत्या. नंतर साहेबांच्या टिपणावरून पट्टा उतरवला असेल, इतर पट्ट्यांसारखाच एक.

पहिल्या नोंदीखाली साहेबांनी लिहिलं होतं: 'राऊळबाई रजेवर आहेत. अक्षराबद्दल क्षमस्व.'

हे वाक्य कोणासाठी लिहिलं होतं? रजिस्टर उघडणारं दुसरं कोणी नव्हतंच. राऊळबाईंनी ते तीनदा वाचलं. वर्तकसाहेबांशी त्यांचं कामापलीकडे कधी काही बोलणं झालं नव्हतं, व्हावं असं त्यांनी कधी मनात येऊ दिलं नव्हतं, आणि आज त्यात काही शोधायचं नाही हेही त्यांना कळत होतं. तरी डोळे भरून आले. त्यांनी रजिस्टर लांब सरकवलं, पानावर थेंब पडू नये म्हणून.

मंगळवारचा पूर्ण दिवस मधे होता. सांगितलं नाही तर कोणाला कळणार नव्हतं. रजिस्टर त्यांच्याकडे होतं, आणि ते कुणाच्या कामाचं नाही असं सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. सही केली तर अजून महिनाभर काम होतं, पेट्यांची यादी करायची होती, तसं श्रुतिका म्हणाली होती. नाही केली तर जुन्या पेट्यांवरचा भरवसाच जाईल, बावीसचा बोअर नव्याने घेतील आणि शेड बंद होईल. त्यांनी दुपारी घर झाडलं, पुसलं, परत झाडलं. संध्याकाळी पोळ्यांची कणीक मात्र रोजच्यापेक्षा जास्तच मळली.

*

बुधवारी मुकुल आणि श्रुतिका दोघंही होते. राऊळबाईंनी रजिस्टर टेबलावर उघडलं, दोन्ही पानं दाखवली आणि जे होतं ते सांगितलं.

मुकुलने वाचलं. कपाळ चोळलं. "मॅडम, मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत नाहीये. पण वर काळा, खाली काळा. शंभरातली नव्वद शक्यता मधेही काळाच आहे ना?"

"असेल."

"मग?"

"मग पेन्सिलीने लिहिते. 'असावा' असं."

"पेन्सिल रिपोर्टमध्ये चालत नाही हो."

"मला माहितीय," राऊळबाई म्हणाल्या. "पण मी पाहिलं नाही. तुम्ही माझं ऐकताय ते मी पाहिलं म्हणून. नाहीतर मी म्हणजे कोण, टपालावर शिक्के मारणारी बाई."

श्रुतिका साहेबांच्या तिरक्या अक्षराकडे बघत होती. मुकुल बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. अर्धा तास लागला. परत आला तेव्हा रागावलेला नव्हता, नुसता दमलेला दिसत होता.

"बावीस नव्याने घ्यावा लागेल. बाकीचे आठ मान्य करतील, तुम्ही हे सांगितलंत म्हणून उलट जास्त विश्वासाने करतील कदाचित. पण शेडचं काम इथेच थांबवू या. पेट्या सरकारी गोदामात जातील."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात ट्रक येतील."

जेवायच्या सुट्टीत त्या तिघांनी पोळ्या खाल्ल्या. निघताना श्रुतिकाने ढिगातला एक काळा तुकडा उचलून पुढे केला. "हा घेऊन जा. आठवण म्हणून. हा तसाही कुणाचाच नाही."

"कुणाचाच नाही असं कसं? एकोणीसचा तरी आहे, नाहीतर बावीसचा," राऊळबाई म्हणाल्या आणि तुकडा ढिगात परत ठेवला. रजिस्टर त्यांनी सही घेऊन ताब्यात दिलं. दगडांबरोबर ते जाईल अशी पोच लिहून घेतली.

नंतर दोनदा श्रुतिकाचा फोन आला, एकदा कशाचा तरी क्रमांक विचारायला आणि एकदा दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला. त्यानंतर नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे वार अंगात भिनले होते, ते जायला वेळ लागला. सकाळी साडेआठला राऊळबाई तयार होऊन बसत आणि मग काय करायचं ते न सुचून बाजारात जाऊन येत. एकदा तर त्या मेट्रोने गुंदवलीपर्यंत गेल्या, स्टेशनातच थोडा वेळ बसल्या आणि परत आल्या. जिन्यात नव्या भाडेकरणीने विचारलं, "आंटी, कुठे जाऊन आलात?" "इथेच," त्या म्हणाल्या.

जानेवारीच्या शेवटी एका शनिवारी दारावरची बेल वाजली. श्रुतिका होती. तेच जाड बूट, त्यांना लाल माती लागलेली.

"फोनवर सांगावंसं वाटलं नाही," ती बसता बसता म्हणाली. "बावीस झाला. काल शेवटची कांडी काढली."

राऊळबाई समोर बसल्या.

"अठ्ठेचाळीस ते एकसष्ट. काळा. सगळाच्या सगळा, सलग. एक फट नाही."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. राऊळबाई तो आवाज ऐकत राहिल्या.

"म्हणजे तुम्ही सही केली असतीत तरी चाललं असतं," श्रुतिका म्हणाली. "मी सगळ्या रस्ताभर विचार करत होते, हे तुम्हाला सांगावं की नाही."

"चाललं असतं," राऊळबाई म्हणाल्या. त्यांनी मनात शोधून बघितलं, वाईट वाटतंय का. वाटत होतं, पण दगडाचं नाही. गेलेल्या त्या महिन्याचं वाटत होतं, ट्यूबलाइटचं, दोन जास्तीच्या पोळ्यांचं. "पण सांगितलंस ते बरं केलंस. जीभ लावून बघितलीस?"

"काय?"

"काही नाही. चहा टाकते."

चहा पिताना श्रुतिकाने सांगितलं, तिला हैदराबादला धाडतायत, तिथल्या एका धरणाच्या कामावर, महिन्याभरात निघायचंय. मुकुलने नमस्कार सांगितलाय. राऊळबाईंनी हैदराबादच्या उन्हाबद्दल विचारलं, जेवणाची सोय काय म्हणून विचारलं. तासभर असंच गेलं. श्रुतिका उठली तेव्हा तिने वाकून नमस्कार केला, आणि राऊळबाईंना पटकन आशीर्वाद सुचेना.

"चल, गेटपर्यंत येते," त्या म्हणाल्या.

रिक्षा मिळायला वेळ लागला नाही. श्रुतिकाने हात हलवला, रिक्षा वळणावरून हायवेकडे गेली. राऊळबाई तिथेच उभ्या राहिलेल्या बघून वॉचमनने खुर्ची पुढे केली.

"पाहुण्या होत्या का, ताई?"

"नाही," राऊळबाई म्हणाल्या. "ऑफिसातल्या."

खुर्ची नको म्हणून त्यांनी मान हलवली आणि वर जाण्याआधी इमारतीला एक फेरी मारावी म्हणून त्या डाव्या बाजूने चालू लागल्या.